देव्हाऱ्यातला बॅज

आमच्या घरात महत्त्वाची वस्तू देव्हाऱ्यात जाते. रेशनकार्ड, सातबाऱ्याचा उतारा, मुलीचा जन्मदाखला, मोबाईलची पावती, सगळं देवांच्या मागे प्लास्टिकच्या पिशवीत. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं हसू यायचं. मी महाडची. माहेरी कागदांना कपाट होतं आणि देवांना देवघर. पण कुडपणच्या वाटेवरच्या आमच्या या गावात पावसाळ्याचे चार महिने कपाटातल्या कागदावरही बुरशी चढते. देव्हाऱ्यात रोज दिवा लागतो म्हणून तेवढीच जागा कोरडी. पहिल्या पावसाळ्यात माझं डी.एड.चं सर्टिफिकेट बुरशीने खाल्लं, तेव्हापासून मीही मुकाट्याने तसंच करायला लागले. म्हणूनच नवऱ्याने नव्या कामावरून तो बॅज आणून, "सायेब बोलला, जपून ठेव, हरवू नको," असं सांगितलं तेव्हा मी तो त्याच्या खिशातून काढला आणि देव्हाऱ्यात ठेवला.

हे मी आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की लपवलं.

नवऱ्याला मी तोंडावर अहो-जाहो करते, पण इथे 'तो'च म्हणणार आहे. माझ्याहून एकच वर्षाने मोठा आहे आणि आमच्यात कोण कुणाला ओरडतं ते गावाला माहीत आहे. आधी तो महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पोती शिवायला होता. मग एका ठेकेदाराकडे लागला आणि घरी येऊन म्हणाला, "मी आता फोटो काढतो." मी म्हटलं, लग्नाला इतकी वर्षं झाली, माझा एक धड फोटो काढला नाहीत, हाताचा अंगठाच येतो मध्ये. तो हसला. हे फोटो माणसांचे नव्हते. कारखान्यात रसायनाचे जे पाईप असतात त्यांचे जोड वेल्डिंग करून लावतात. जोडाच्या आत बारीक चीर राहिली तर वरून दिसत नाही. म्हणून दवाखान्यात छातीचा काढतात तसा त्या जोडाचा फोटो काढायचा. एक पेटी असते, दिसायला भाजीच्या पिशवीएवढी, पण उचलताना कंबर मोडते. तिला हे लोक कॅमेरा म्हणतात. पेटीच्या आत तारेच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा असतो. लांब उभं राहून हँडल फिरवलं की तार नळीतून पुढे सरकते, तुकडा जोडापाशी जाऊन थांबतो, फोटो होतो, आणि उलट हँडल फिरवलं की तुकडा परत पेटीत. एवढंच काम. ओझं नाही, वास नाही, खोकला नाही. पोती शिवण्यापेक्षा किती चांगलं, असं मीच म्हणाले होते.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकायची. फोटो काढायच्या आधी हे लोक दोरी बांधायचे, तिला लाल झेंड्या लावायचे, शिट्टी मारायचे आणि सगळ्यांना तिथून पळवायचे. वेल्डर, फिटर, झाडू मारणाऱ्या बायका, कंपनीचे इंजिनिअर, सगळे लांब जाऊन उभे राहायचे. दोरीच्या आत फक्त तिघं, हा आणि याच्याबरोबरचे दोघं. मी विचारलं, सगळे बाहेर पळतात तर तुम्ही आत का? "आमचं काम हाय ना," तो म्हणाला, आणि ताटातली भाकरी मोडली. मी पुढे विचारलं नाही. मुलीची शाळा, मी चालवते त्या अंगणवाडीचे रिपोर्ट, आणि त्याला वाढून झालं की माझं जेवण, असं माझं चाललेलं असे.

बॅज म्हणजे निळं प्लास्टिकचं चपटं घर, मागे चिमटा, आत एक कार्ड. शर्टच्या खिशाला लावायचा. तो कशासाठी आहे ते ना त्याला कुणी सांगितलं, ना त्याने विचारलं. गेटवर दाखवायचं ओळखपत्र वेगळं होतं, ते तो रोज गळ्यात घालून जायचा. बॅज दर तीन महिन्यांनी सुपरवायझर गोळा करून कुठे तरी पाठवायचा आणि नवा द्यायचा. गोळा करायच्या दिवशी मी तो देव्हाऱ्यातून काढून पदराने पुसायची, कारण कधीकधी त्याला कुंकू लागलेलं असे, आणि त्याच्या डब्याच्या पिशवीत ठेवायची. बाकीचे दिवस तो सकाळी मोटारसायकल काढून घाट उतरायचा तेव्हा बॅज देवांच्या मागे असायचा. एकदा तो घरी येऊन म्हणाला, सुपरवायझर खूश आहे, सगळ्यांत तुझाच बॅज चांगला येतो म्हणाला. मला अभिमान वाटला. वस्तू जागच्या जागी ठेवायची माझी सवय बघा कशी कामी आली, असं मी सासूबाईंना ऐकवलंसुद्धा. आता हे लिहिताना माझे कान गरम होतात.

थंडी संपत आली की आमच्याकडे राबाची तोड सुरू होते. भाताची रोपं करायचा जमिनीचा तुकडा भाजायला लागतो, त्यासाठी बांधावरच्या झाडांच्या फांद्या तोडून वाळत घालायच्या. त्या वर्षी एका रविवारी नवऱ्याने दिवसभर तोड केली. त्याच आठवड्यात कंपनीचं शटडाऊन होतं, म्हणजे कारखाना बंद ठेवून सगळी दुरुस्ती एकदम. जोड ढिगाने, वेळ कमी. बुधवारी तो जेवायला बसला आणि म्हणाला, आज तार अडकली. हँडल फिरवून तुकडा परत येईना. शेवटी नळी सोडवली तेव्हा तो तारेतून निसटून खाली पडला. धोका असला की वाजणारं एक यंत्र असतं, पण ते बिघडून महिनाभर दुरुस्तीला गेलेलं. मग याने तुकडा बोटांनी उचलला आणि पेटीत टाकला.

"सायेब काय बोलला?" सासूबाईंनी विचारलं.

"शाब्बास बोलला. काम थांबलं नाय ना."

त्या दिवशी त्याने अर्धीच भाकरी खाल्ली. मी म्हटलं, शाबासकीने पोट भरलं वाटतं.

शनिवारपर्यंत उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं लाल झाली. मग सुजली, मग त्यांवर पाण्याचे फोड आले. सासूबाईंनी हात उजेडात धरला आणि निकाल दिला, "बिब्बा उतलाय." इथल्या कुणालाही हेच वाटलं असतं. बिब्ब्याच्या झाडाचा चीक लागला की कातडी अशीच भाजते, आणि आमच्या बांधावर बिब्बा आहे. रविवारी त्याचीही फांदी तोडली होती. सासूबाईंनी खोबरेल लावलं, सुकं खोबरं खायला दिलं. बिब्बा आठ-दहा दिवसांत उतरतो. हा उतरेना. महाडला डॉक्टरकडे गेलो. त्यांनी विचारलं, काय लागलं? नवरा बोलायच्या आत मी बोलले. मला ती सवयच आहे. "बिब्बा उतलाय डॉक्टर, राबाची तोड केली." त्यांनी कागदावर तसंच लिहिलं आणि मलम दिलं.

महिन्याभराने बोटांची टोकं काळी पडली. दुखणं असं की तो हात उशाशी उंच धरून बसायचा आणि घाम पुसायचा. मग वीर स्टेशनला जाऊन रेल्वे पकडली आणि मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या डॉक्टर बाई वयाने माझ्याएवढ्या, घाईत असलेल्या. हात बघून त्या एकदम सावकाश झाल्या. बिब्ब्याचं मी सुरू केलं तर त्यांनी मला हातानेच थांबवलं आणि त्याला विचारलं, "काम काय करता?"

"फोटो काढतो."

"कसले?"

त्याने सांगितलं. तार, तुकडा, बोटं, सगळं. डॉक्टर बाई पेन खाली ठेवून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बॅज कुठे आहे तुमचा?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, घरी आहे, अगदी नीट ठेवलाय. त्यावर त्यांनी सांगितलं की तो तुकडा किरणं सोडतो, ती दिसत नाहीत आणि लागताना कळतही नाहीत, आणि अंगावर किती पडली ते मोजायलाच तो बॅज असतो. छातीवर असेल तरच मोजतो. इतके महिने मी रोज सकाळी त्याला मापाशिवाय घरातून बाहेर काढत होते.

डॉक्टर बाई म्हणाल्या, बॅज नाही तर नाही, दुसरा उपाय आहे. त्या तुकड्याची ताकद किती होती, तो हातात किती वेळ होता, तार अडकल्यावर हा माणूस किती अंतरावर किती मिनिटं उभा होता, याची नोंद कंपनीला ठेवावीच लागते. तो कागद आणा. त्यावरून हिशेब काढता येईल की फक्त बोटांपुरतं आहे की रक्तापर्यंत गेलंय, आणि कुठपर्यंत कापायचं. त्या अगदी सरळ आवाजात 'कापायचं' म्हणाल्या. तोपर्यंत आपण सांभाळून घेऊ, पण लवकर आणा.

नवरा कंपनीत गेला. रिकाम्या हाताने आला. पंधरा दिवसांनी पुन्हा गेला, पुन्हा तसाच. कारखाना म्हणे हा ठेकेदाराचा माणूस, ठेकेदार म्हणे नोंद कारखान्याकडे. विचारलं की तो एवढंच सांगायचा, "देतील." मी त्याला काय काय बोलले ते आता आठवू नये असं वाटतं. तुम्हाला मागता येत नाही, तुम्ही दारात उभे राहून परत येता, तुमच्या जागी मी असते तर टेबलावर हात आपटला असता. सासूबाईंसमोर बोलले, मुलीसमोर बोलले. तो डाव्या हाताने जेवत राहायचा. असे चार महिने गेले. एक बोट पेरापर्यंत वाळून गेलं.

शेवटी मी अंगणवाडीला सुट्टी टाकली आणि एकटीच एमआयडीसीत गेले. गेटवर दोन तास बसवून ठेवल्यावर आत बोलावलं. कारखान्याचा अधिकारी फार सभ्य होता. पाणी दिलं, ताई म्हणाला. कोपऱ्यात ठेकेदाराचा सुपरवायझर मोबाईल हातात घेऊन बसला होता. अधिकाऱ्याने फाईल उघडून माझ्यापुढे सरकवली. बॅजचे सगळे रिपोर्ट, प्रत्येकावर शून्य. त्याखाली रजेच्या अर्जाला जोडलेला महाडच्या डॉक्टरांचा कागद, त्यावर बिब्बा. "ताई, आमच्या मशीनने काही झालं असतं तर बॅजमध्ये आलं असतं ना? आणि हे तर तुम्हीच डॉक्टरांना सांगितलंय." त्याच्या हातात कंपनीच्या बाजूचे जेवढे पुरावे होते, तेवढे सगळे मी दिलेले होते.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "साहेब, मी अंगणवाडीत मुलांची वजनं घेते. एखादं मूल आलंच नाही तर त्याच्या नावापुढे शून्य किलो लिहीत नाही. रकाना कोरा ठेवते आणि त्याच्या घरी जाऊन बघते की ते का आलं नाही. बॅज माझ्या घरी होता, हे खरं. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण माझा नवरा इतके महिने रोज यांच्यासमोर त्या दोरीच्या आत जात होता. त्याच्या खिशावर बॅज नाही, हे यांना एक दिवसही दिसलं नाही?" मी सुपरवायझरकडे बोट केलं. तो मोबाईलमध्ये बघत म्हणाला, "सगळ्यांचंच बघत बसलो तर काम कधी होणार, मॅडम? रिपोर्ट जास्त आला की माणूस घरी बसवावा लागतो." अधिकाऱ्याने त्याच्याकडे रोखून बघितलं. तेव्हा मला कळलं की चांगला बॅज म्हणजे काय ते याला पहिल्यापासून माहीत होतं.

अधिकाऱ्याने ड्रॉवरमधून एक टाईप केलेला कागद काढला. "नोंद द्यायला आमची ना नव्हतीच. पहिल्याच भेटीत तुमच्या मिस्टरांच्या बोलण्यातून कळलं की बॅज घरी तुमच्याकडे असायचा, म्हणून हे आम्ही त्यांना तेव्हाच दिलं होतं. यावर सही केली असती तर त्याच दिवशी मिळाली असती."

मी वाचलं. बॅज कामगाराच्या पत्नीने स्वतःच्या मर्जीने घरी ठेवून घेतला, त्यामुळे मोजमाप झालं नाही, त्याला कंपनी आणि ठेकेदार जबाबदार नाहीत.

"ते म्हणाले, पत्नीचं नाव काढा, मीच विसरलो असं लिहा, मग लगेच सही करतो," अधिकारी म्हणाला. "पण आम्हाला खरं तेच लिहावं लागतं ना. चार महिने त्या एका वाक्यावर अडून बसलेत."

चार महिने. मी घरी त्याला नेभळट म्हणत होते आणि तो इथे येऊन दर वेळी माझं नाव खोडायला सांगत होता. मला त्या सभ्य माणसासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी पेन मागितलं. खोटं काय होतं त्यात? ठेवला होता मीच. शेवटचं वाक्य खोटं होतं आणि ते मला दिसत होतं, चांगलं ढळढळीत दिसत होतं. पण मला ते बोट दिसत होतं, आणि डॉक्टर बाईंचं 'लवकर आणा' ऐकू येत होतं. मी पूर्ण नाव लिहून सही केली. त्यांनी त्याची एक प्रत आणि नोंदीचा बंद लिफाफा माझ्या हातात दिला आणि चहा घेणार का विचारलं.

दोन दिवसांनी मुंबईत डॉक्टर बाईंनी तो लिफाफा फोडला, बराच वेळ आकडे मांडले. दोन बोटं मुळापासून आणि अंगठ्याचं एक पेर काढावं लागेल. रक्ताचं आज सांगता येत नाही, दर तीन महिन्यांनी तपासायचं, आणि हे आता कायमचं. मी विचारलं, चार महिने आधी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, एखादं बोट कदाचित राहिलं असतं, पण तो विचार आता करू नका. मी अजून करते.

बाहेर बाकावर नवऱ्याने डाव्या हाताने पिशवी चाचपली आणि त्याला ती प्रत सापडली. सावकाश वाचली.

"तू सही केलीस?"

"कागद हवा होता."

"आनि माझ्याबरोबरचे दोघं? ते आजून दोरीच्या आत जातात." तो रागावला नव्हता, रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. "तुझं नाव लिवल्यावर आता कंपनीवर काय राह्यलं गो?"

मी म्हटलं, तुमचा हात महत्त्वाचा. त्याने कागद चार घड्या घालून मला परत दिला. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं.

त्यानंतर महिनाभराने, दुपारी अंगणवाडी सुटल्यावर खालच्या वाडीतली एक बाई आली. तिचा नवरा माझ्या नवऱ्याबरोबर त्याच कामावर, त्या दोघांपैकी एक. गावातल्या बायका अर्ज वगैरे वाचून घ्यायला माझ्याकडेच येतात. तिने पिशवीतून छापील कागद काढला. ठेकेदाराने सगळ्यांच्या घरी पाठवलाय म्हणाली, बायकोची सही पाहिजे, नाही तर माणसाला कामावर घेणार नाहीत. मी वाचला. बॅज सांभाळण्याची आणि रोज कामावर पाठवण्याची जबाबदारी कामगाराच्या पत्नीची राहील, त्यात कसूर झाल्यास कंपनी आणि ठेकेदार जबाबदार नाहीत. शब्द ओळखीचे होते. फक्त माझं नाव होतं तिथे आता रिकामी रेघ होती.

"बाई, सही कुठं करू?"

मी कागद तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. म्हटलं, "याच्यावर सही करायची नाही. काही झालं तरी नाही."

तिला काही कळेना. ती हळू आवाजात म्हणाली, "पन तुमी तर केलीत ना?"